पुरा गावाने आधी पाणी मागितले



गळीत हंगाम संपून गटवार मेळावे सुरू झाले की एक मागणी हमखास येते. कारखान्याने गावात एक मोठा सामुदायिक गोबरगॅस बांधून द्यावा, घरोघर नळीने गॅस द्यावा, म्हणजे जळणाची कटकट मिटेल. सिलिंडर घरोघर आले, तरी आंघोळीचे पाणी आणि जनावरांचा खुराक चुलीवरच शिजतो, हे आम्ही पाहतोच. मागणी रास्त आहे. तरी ठरावाला हात वर करण्यापूर्वी सभासदांनी एका गावाची हकिकत ऐकावी, एवढ्यासाठी हा लेख.

आधी आमची चूक सांगतो. शेतकी पदविका घेऊन आम्ही कामाला लागलो तेव्हा गोबरगॅसचे उद्दिष्ट असे. किती बांधले, याचा आकडा आम्ही वर पाठवीत असू. दोन-तीन वर्षांनी त्याच गावांत फिरलो, तर काही ठिकाणी टाकी गंजून आडवी पडलेली आणि खड्ड्यावर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. एका घरी म्हातारीने विचारले, "साहेब, शेण कोण कालवणार, हे बांधताना कुणाला विचारलं होतंत?" आम्ही विचारले नव्हते.

बंगलोरच्या प्राध्यापकांचे गाव

बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1974 साली काही प्राध्यापकांनी एक गट काढला. ग्रामीण भागासाठी विज्ञान व तंत्रज्ञान वापरणे, हा त्याचा उद्देश. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'अस्त्र' म्हणत. पुढारी होते अमूल्यकुमार रेड्डी, विद्युत-रसायनशास्त्राचे मोठे प्राध्यापक. तुमकूर जिल्ह्यात कुणिगल तालुक्यात उंगरा येथे या मंडळींनी केंद्र उघडले आणि आसपासच्या गावांत काम सुरू केले. त्यांतले एक गाव पुरा. 1977 च्या पाहणीत तिथे 56 घरे आणि सुमारे साडेतीनशे माणसे होती.

त्यांनी आधी काही बांधले नाही, मोजले. गावात शक्ती कुठून येते आणि कुठे खर्च होते, याचा घरोघर हिशेब मांडला. सर्वांत मोठा वाटा जळाऊ लाकडाचा, आणि तो बहुतेक चुलीत जाणारा. वीज गावात आली होती, पण एकूण हिशेबात तिचा वाटा नगण्य. माणसांच्या अंगमेहनतीचाही हिशेब झाला. त्या मेहनतीत बायकांचा वाटा 53 टक्के, पुरुषांचा 31 आणि मुलांचा 16 टक्के निघाला. पाणी, जळण, स्वयंपाक हे 'घरचे काम' म्हणून कुणाच्या वहीत लिहिले जात नाही, म्हणून तो वाटा दिसत नव्हता, इतकेच.

पहिला बेत का फसला

लाकूड चुलीत जाते, तर चुलीला गोबरगॅस द्यावा, असा पहिला बेत होता. तो जमला नाही. का जमला नाही, ते समजायला साधे गणित पुरे.

एक किलो ताज्या शेणापासून साधारण 35 ते 40 लिटर गॅस मिळतो. एका माणसाच्या दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला दिवसाला सुमारे 250 लिटर लागतो. म्हणजे माणशी सहा-सात किलो शेण, पाच माणसांच्या घराला तीस-पस्तीस किलो. दावणीचे मोठे जनावर दहा-पंधरा किलो देते. चरायला जाणाऱ्याचे निम्मे शेण रानात पडते. पुरा येथील संचाची क्षमता रोज जास्तीत जास्त सव्वा टन शेण व सुमारे 42 घनमीटर गॅस, अशी होती. साडेतीनशे माणसांना वरच्या हिशेबाने 85 घनमीटरच्या पुढे गॅस हवा. निम्मासुद्धा भरत नाही.

अर्धा गॅस मिळाला म्हणजे अर्धे काम झाले, असे कागदावर वाटते. पण ज्या बाईची एकाच वेळची भाकरी गॅसवर होते, तिला दुसऱ्या वेळेसाठी जळण आणावेच लागते. मग शेणाची पाटी डोक्यावर घेऊन तिने संचापर्यंत का जावे? शिवाय गावाची पहिली निकड जळणाची नव्हतीच, ती पिण्याच्या पाण्याची होती. काटक्या शोधून मिळत. चांगले पाणी मिळत नव्हते.

प्राध्यापकांचा मोठेपणा असा, की गाव अडाणी आहे असे म्हणून ते परत गेले नाहीत. त्यांनी बेत बदलला. सप्टेंबर 1987 पासून तोच गॅस डिझेलच्या जोडीने इंजिनात जाळून पाच किलोवॅटच्या जनित्रावर वीज काढू लागले. तिच्यावर बोअरचा पंप चालला, नळाला पाणी आले आणि घरांत ट्यूब लागल्या. स्वयंपाकाला जो गॅस अपुरा, तोच पाणी आणि दिवे यांना पुरून उरला. वीस वॅटची एक ट्यूब अशा पन्नास ट्यूबांना एक किलोवॅटच लागतो, हे ध्यानात घ्या.

वजनकाटा आणि स्लरी

आपल्याला शिकण्यासारखा भाग पुढेच आहे. शेण आणणाऱ्याचे शेण, आपला ऊस काट्यावर होतो तसे, वजन करून घेतले जाई. किलोला दोन पैसे आणणावळ मिळे. शेण आणणार बायका-मुले, म्हणून पैसाही बहुतेक त्यांच्याच हाती जाई. गॅस काढून उरलेली स्लरी वाळूच्या थरावर निथळून, ज्याने जितके शेण घातले त्याला त्या प्रमाणात परत. निथळलेले पाणी पुन्हा नव्या शेणात कालवायला. संच चालविणारे गावचेच तरुण होते.

शेणी थापून जाळल्या तर खत गेले, राख राहिली. गोबरगॅसमध्ये शेण कुजते, गॅस निघतो, पण नत्र स्लरीत राहते. तणांचे बी उकिरड्यातल्यासारखे शाबूत राहत नाही. खोडव्याला ही स्लरी मिळाली तर जमिनीचा कस राहतो, हे आमच्या खात्याचे सांगणे आहेच. तेव्हा शेण देणारा शेतकरी काही गमावीत नव्हता.

आणि मुख्य गोष्ट अशी. पुष्कळ घरांनी शेण द्यायचे थांबविले, तर इंजिन बंद; मग नळही बंद आणि दिवाही बंद, तो सर्वांचाच. सामाईक मालाचे कुणी नसते, अशी म्हण पडावी असा आपला अनुभव. सामाईक गायरान उजाड होते ते एकाचा फायदा आणि सगळ्यांचा तोटा, म्हणून. इथे एकाचा फायदा सगळ्यांच्या फायद्याला बांधलेला होता. रेड्डी यांनी याचे विवेचन केले आहे. सहकारी कारखान्याच्या सभासदाला ते वेगळे शिकवायला नको. ऊस बाहेर घातला तर चरक थांबतो, हे आपण सोसून शिकलो आहोत.

आपण काय करावे

पुरा येथील संच जसाच्या तसा उचलून आणावा, असे आमचे म्हणणे नाही. त्या गावाला नळाची नड होती. आपल्या काही गावांत नळ आहे, पण वीज रात्रीची येते. गावागणिक नड वेगळी. म्हणून आमची विनंती अशी, की मागणीचा अर्ज देण्यापूर्वी प्रत्येक गावाने तीन गोष्टी लिहून आणाव्यात.

पहिली, दावणीला बांधलेली जनावरे किती व गोठ्यात प्रत्यक्ष जमणारे शेण किती. चार दिवस तोलून पाहावे, अंदाज नको. दुसरी, शेण कोण उचलणार, पाणी कोण ओतणार आणि त्याला काय मिळणार. तिसरी, गावाला आधी काय हवे. हे तिसरे उत्तर मेळाव्यात पुढच्या रांगेत बसलेल्यांनी देऊ नये. मायबहिणींची वेगळी बैठक घ्यावी आणि त्यांनी सांगितलेले जसेच्या तसे लिहावे.

शेती विभागाचे गट कार्यालय तोलकाटा देईल, हिशेबाला माणूसही देईल. आकडा भरला तर संचालक मंडळापुढे प्रकरण आम्ही स्वतः मांडू. आकडा भरला नाही तर तसेही स्पष्ट सांगू. कडब्याने भरलेला आणखी एक खड्डा पाहण्याची आमची इच्छा नाही.

– ऊस विकास अधिकारी