‘खात्रीचं व्याज’ सांगणारं ॲप? आधी नोंदणी बघा

सोयाबीनचे पैसे हातात आले की ‘एफडीपेक्षा जादा व्याज, पैसे कधीही काढा’ अशा जाहिरातीकडे लक्ष जातंच. ॲपवरून अनोळखी माणसाला कर्ज देण्याच्या या व्यवहाराला ‘पीटूपी’ म्हणतात. तो बेकायदा नाही. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच त्याचे नियम केले. पण कंपनी फक्त मध्यस्थ असते. कर्जदाराने पैसे बुडवले तर नुकसान देणाऱ्याचंच, ठेव विमाही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तर खात्रीचा परतावा, हवे तेव्हा पैसे अशी जाहिरात करायलाच मनाई झाली. म्हणजे वरची जाहिरातच नियमात बसत नाही!

एका कर्जदाराला एकाने ५० हजारांच्या वर देता येत नाही, मुदत जास्तीत जास्त ३६ महिने. पैसे बँकेतल्या एस्क्रो खात्यातूनच फिरतात, रोखीला बंदी आहे. भामटा इथंच ओळखू येतो. तो कुणाच्या तरी नावाचा क्यूआर कोड पाठवतो, नाहीतर रोकड मागतो. व्हॉट्सॲपवर आलेलं ‘प्रमाणपत्र’ कुणीही बनवू शकतं. कंपनीचं नाव रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीशी अक्षर न् अक्षर जुळवावं. पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० वर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यात वळती होण्याआधी कळवलं, तर ती गोठवता येते.