आंतरजालावरील बालसुरक्षा व शिष्टाचार

आंतरजालावरील बालसुरक्षा व शिष्टाचार : अठरा वर्षांखालील मुलामुलींना आंतरजालाचा म्हणजेच इंटरनेटचा वापर करताना फसवणूक, धमकी, लैंगिक शोषण, बदनामी व खोटी माहिती यांपासून स्वतःचा बचाव कसा करावा आणि त्याच माध्यमातून इतरांशी सौजन्याने कसे वागावे, याविषयी दिले जाणारे शिक्षण. या शिक्षणाच्या सुरक्षा व शिष्टाचार या दोन बाजू स्वतंत्र मानण्याचा प्रघात आहे. तथापि व्यवहारात त्या अलग करता येत नाहीत. कारण मुलाला होणारा उपद्रव पुष्कळदा दूरच्या अनोळखी गुन्हेगाराकडून नव्हे, तर त्याच्याच वर्गातील, वाडीतील किंवा नात्यातील मुलांकडून होतो. एका मुलाची असुरक्षितता ही अशा वेळी दुसऱ्या मुलाच्या असभ्यतेचेच दुसरे नाव असते.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. पहिली वीस वर्षे ती मुख्यतः शहरांतील कार्यालये, महाविद्यालये व सुस्थित घरे यांपुरती मर्यादित राहिली. २०१६ नंतर स्वस्त झालेली सेवा आणि मार्च २०२० पासून कोविडच्या साथीमुळे बंद पडलेल्या शाळा या दोन कारणांनी ती ग्रामीण मुलांच्या हाती आली. यांपैकी दुसरे कारण अधिक महत्त्वाचे म्हणावे लागेल. कारण जो दूरध्वनी तोपर्यंत मुलांपासून दूर ठेवला जाई, तोच अभ्यासाचे साधन म्हणून त्यांच्या हाती देणे पालकांना भाग पडले. ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ या अहवालानुसार २०२४ मध्ये देशातील ग्रामीण भागातील १४ ते १६ वयोगटातील सु. ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. पाहणीपूर्वीच्या आठवड्यात त्याचा अभ्यासासाठी वापर केलेली मुले ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापर केलेली ७६ टक्के होती. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी उपद्रव देणाऱ्याचे खाते रोखता येणारी वा त्याविरुद्ध तक्रार नोंदविता येणारी मुले सु. ६२ टक्केच आढळली; मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा कमी होते.

जुन्नर व आंबेगाव तालुके : पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील या दोन तालुक्यांत सदर प्रश्नाची ग्रामीण महाराष्ट्रातील बहुतेक अंगे एकत्र पाहावयास मिळतात. पश्चिमेस नाणेघाट ते भीमाशंकर हा सह्याद्रीचा डोंगराळ पट्टा असून तेथे महादेव कोळी व ठाकर या आदिवासी जमातींची वस्ती विखुरलेली आहे. पूर्वेस कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत ऊस, टोमॅटो व भाजीपाला यांची बागायत आणि नारायणगाव, मंचर, ओतूर, आळेफाटा यांसारख्या बाजारपेठा आहेत. दळणवळणाच्या इतिहासात या भागाला एक वेगळे स्थान आहे. नारायणगावनजीकच्या आर्वी येथे १९७० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत भारताचे उपग्रहाद्वारे परदेशांशी संपर्क साधणारे भूकेंद्र उभे राहिले, तर खोडद येथे प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण कार्यरत आहे. दूरध्वनीच्या मनोऱ्यांतून निघणाऱ्या लहरी या दुर्बिणीला अडथळाच ठरतात. याच भागातील डोंगरकपारीच्या वाड्यांत मात्र दूरध्वनीची लहर पकडण्यासाठी माणसांना टेकाड चढावे लागते, असा अनुभव दीर्घकाळ येत असे. साथीच्या काळात अशा ठिकाणी इंटरनेटपेक्षा दूरचित्रवाणी अधिक उपयोगी पडली. सह्याद्री वाहिनीवरून जुलै २०२० पासून प्रसारित झालेली ‘टिलीमिली’ ही पाठमाला मुलांच्या ओळखीची झाली.

सुरक्षिततेसंबंधीची पाश्चात्त्य मार्गदर्शने प्रत्येक मुलाचे स्वतंत्र उपकरण, स्वतंत्र खाते व त्यावर पालकांची देखरेख असे चित्र गृहीत धरतात. शेतकरी कुटुंबात ते क्वचितच जुळते. तेथे एकच दूरध्वनी घरात फिरतो. सकाळी त्यावर बाजारभाव येतो, दुपारी बँकेचा संदेश, संध्याकाळी नातेवाइकांच्या गटातील छायाचित्रे, आणि रात्री तो मुलांकडे जातो. त्यामुळे मुलाची चूक त्याच्यापुरती राहत नाही. लग्नपत्रिका किंवा शासकीय योजनेचा अर्ज असे भासवून पाठविलेली फसवी फाइल मुलाने उघडली, तर वडिलांचे बँक खाते रिकामे होऊ शकते. उलटपक्षी मोठ्यांसाठी आलेला अश्लील वा हिंसक मजकूर मुलाच्या नजरेस सहज पडतो. देखरेखीचा प्रवाहही येथे उलटा असतो : दूरध्वनी चालवावयास आईवडिलांना मूलच शिकविते. ज्याला आपण शिकवितो, त्याची देखरेख मानणे कोणत्याही वयात अवघडच असते.

धोक्यांचे स्वरूप : अनोळखी व्यक्तीकडून होणारे शोषण सहसा धमकीने सुरू होत नाही. प्रथम खेळात किंवा समाजमाध्यमावर ओळख होते, कौतुक होते, लहानसहान भेटी दिल्या जातात. नंतर घरच्यांना सांगू नये अशी एखादी निरुपद्रवी गोष्ट गुपित म्हणून वाटून घेतली जाते. गुपित ठेवण्याची सवय लागल्यावर छायाचित्राची मागणी होते. एक छायाचित्र हाती आले, की त्याच्या बळावर आणखी छायाचित्रे किंवा पैसे उकळले जातात. या साखळीतील निर्णायक दुवा छायाचित्र हा नसून गुपित हा होय. म्हणून ‘अनोळखी माणसाशी बोलू नये’ या नियमापेक्षा ‘घरी सांगू नको असे जो म्हणेल, त्याच्याविषयी घरी सांगावे’ हा नियम लहान मुलांना अधिक उपयोगी पडतो. पहिला नियम मुले पाळत नाहीत, कारण चार दिवसांच्या गप्पांनंतर तो माणूस त्यांना अनोळखी वाटतच नाही.

मुलाने सांगावे यासाठी सांगण्याची किंमत त्याला परवडली पाहिजे. हाच या शिक्षणातील सर्वांत कठीण भाग आहे. तक्रार केल्यास दूरध्वनी काढून घेतला जाईल, ही मुलाची भीती बहुधा खरी ठरते. मुलीच्या बाबतीत शिक्षा तेवढ्यावर थांबत नाही. तिची शाळा सुटणे किंवा लग्नाची घाई होणे, इथवर तिची मजल जाऊ शकते. धमकी देणाऱ्याचे सामर्थ्य नेमके याच भीतीत असते. तेव्हा पालकसभेत दूरध्वनीची तांत्रिक माहिती देण्याआधी, मुलाने संकटाची कबुली दिल्यास त्याला शिक्षा करावयाची नाही, एवढी एक गोष्ट पालकांकडून मान्य करून घेणे अगत्याचे आहे. पैसे देऊ नयेत, संभाषण पुसून टाकू नये, पडद्याचे छायाचित्र पुराव्यादाखल जपावे, संपर्क तोडावा व विश्वासातील प्रौढास सांगावे, हा क्रम त्यानंतर शिकविता येतो.

पसरलेले छायाचित्र परत मिळविणे अशक्य असते, असे पूर्वी समजले जाई. ते आता अंशतःच खरे आहे. छायाचित्रापासून गणिती रीतीने एक अंकमाला काढता येते व ती त्या चित्राच्या बोटाच्या ठशासारखी असते. अमेरिकेतील ‘टेक इट डाउन’ या सेवेमार्फत मुलाच्या दूरध्वनीवरच तयार झालेली ही अंकमाला सहभागी समाजमाध्यमांना कळविली जाते. मूळ छायाचित्र कोणालाही पाठवावे लागत नाही, आणि त्याच्याशी जुळणारी चित्रे संबंधित माध्यमे हटवू शकतात. तथापि व्हॉट्सॲपसारख्या बंदिस्त संदेशवहनात एका दूरध्वनीवरून दुसऱ्यावर जाणारे चित्र या जाळ्यात सापडत नाही.

अफवा व बिबट्या : जुन्नर वनविभागात उसाच्या शेतांत बिबट्यांचा कायमचा वावर असून माणिकडोह येथे त्यांचे निवारा केंद्र आहे. अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर जाऊ नये, घोळक्याने व मोठ्याने बोलत चालावे, उसाच्या कडेला वाकून वा बसून राहू नये, असे येथील मुलांना सांगितले जाते. न दिसणाऱ्या धोक्याशेजारी राहण्याचे शिक्षण कसे असावे, याचा हा नमुनाच होय; त्यात रान बंद करण्याची भाषा नाही आणि धोका नाकारण्याचीही नाही. परंतु याच बिबट्याने आंतरजालावर वेगळा प्रश्न उभा केला. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये लगतच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत दोन बालकांसह तीन जणांचा मृत्यू झाला. लोक भयभीत असतानाच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने बनविलेली बिबट्याची खोटी छायाचित्रे पुणे परिसरात पसरली आणि त्यांवर विश्वास ठेवू नये, असे वनखात्याला सांगावे लागले. असे चित्र गंमत म्हणून पुढे पाठविणारा मुलगा कोणाचे वाईट चिंतीत नसतो. पण त्यामुळे वनकर्मचारी भलत्या वस्तीवर धावतात आणि खरी सूचना आली असता लोक तीही खोटीच मानतात.

अफवेचा परिणाम किती घोर होऊ शकतो, हे धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे दिसून आले. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने १ जुलै २०१८ रोजी तेथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. मुलांच्या रक्षणासाठी म्हणून फिरलेल्या संदेशांनी हे घडविले, ही गोष्ट या विषयाच्या शिक्षकाने विसरता कामा नये. आलेला संदेश कोणी, केव्हा व कोठून लिहिला आहे, हे तीन प्रश्न वर्गात प्रत्यक्ष संदेश समोर ठेवून विचारण्याचा सराव दहा व्याख्यानांपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

शिष्टाचार : चिडविणे, नावे ठेवणे हे शाळेच्या अंगणात पूर्वीपासून चालत आले आहे. आंतरजालाने त्यात तीन फरक केले. चिडवणूक शाळा सुटल्यावरही थांबत नाही. ती पाहणाऱ्यांची संख्या मोजता येत नाही. आणि बोलणाऱ्याला समोरच्याचा उतरलेला चेहरा दिसत नाही. पडद्याआड माणसे एरवीपेक्षा अधिक सैल व कठोर बोलतात, याचे विवेचन मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये केले. शाळांतील छळाचा शास्त्रीय अभ्यास त्याहून जुना असून नॉर्वेतील डान ओल्व्हेउस यांनी तो १९७० च्या दशकात सुरू केला. पुढे फिनलंडमध्ये विकसित झालेल्या ‘किवा’ या कार्यक्रमात छळणारा व छळला जाणारा यांच्यापेक्षा पाहणाऱ्या मुलांकडे अधिक लक्ष पुरविण्यात आले, कारण छळणाऱ्याचे बळ प्रेक्षकांवर अवलंबून असते. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटाला हे तंतोतंत लागू पडते. एखाद्या मुलाची जात, बोली, रंग किंवा बापाचा धंदा यांवरून केलेल्या विनोदाला हसऱ्या चिन्हांची रांग लागली नाही, तर तो विनोद तेथेच संपतो. गटात विरोध करण्याचे धैर्य सर्व मुलांत नसते. मात्र हसरे चिन्ह न टाकणे व नंतर त्या मुलाला एकट्याला संदेश पाठविणे, एवढे बहुतेकांना जमते.

मोठ्यांचे वर्तन हेच मुलांचे पाठ्यपुस्तक असते, याची जाणीव काही ग्रामसभांनी दाखविली आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून रोज सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी दूरचित्रवाणी व दूरध्वनी बंद ठेवले जातात. अहिल्यानगर जिल्ह्यातील सौंदाळा येथील ग्रामसभेने २०२४ मध्ये आईबहिणींवरून शिव्या देणाऱ्यास ५०० रुपये दंड ठरविला. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांच्या दूरध्वनी वापरावरच बंदी घालण्याचा ठराव केला. पहिल्या दोन ठरावांत मोठी माणसे स्वतःला बांधून घेतात, तिसऱ्यात केवळ मुले बांधली जातात. या फरकामुळे पहिले दोन अधिक विश्वासार्ह वाटतात. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आहे. मात्र तेथे कायद्याचा भार मुलांवर वा पालकांवर नसून कंपन्यांवर आहे.

कायदा : लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ हा १४ नोव्हेंबर २०१२ पासून अंमलात आला. वारंवार संदेश पाठवून मुलाचा लैंगिक हेतूने पाठलाग करणे त्यानुसार अपराध ठरते. असा अपराध माहीत असून पोलिसांना न कळविणे हाही गुन्हा आहे. प्रकरण गावातच मिटविण्याकडे जो कल असतो, त्याला ही तरतूद आडवी येते व ते योग्यच होय. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६७ ब अन्वये मुलांची अश्लील चित्रे पाठविणे, साठविणे वा शोधणे यांस शिक्षा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये अशी सामग्री जवळ बाळगण्याविषयी कठोर अर्थ लावला. वर्गमैत्रिणीचे छायाचित्र ‘फक्त पुढे पाठविणारा’ मुलगाही कायद्याच्या कक्षेत येतो. त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. दुसरीकडे कायद्याच्या अतिरेकाचे उदाहरणही महाराष्ट्रातीलच आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील एका साध्या मतप्रदर्शनावरून दोन तरुणींना अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात कलम ६६ अ हे मार्च २०१५ मध्ये रद्दबातल ठरले. अप्रिय मत आणि छळ यांतील भेद मुलांना समजावताना हे प्रकरण उपयोगी पडते. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियमाने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यास पालकांची पडताळणी करता येण्याजोगी संमती आवश्यक ठरविली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

तक्रारीसाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळ २०१९ पासून उपलब्ध आहे. पैशाच्या फसवणुकीत १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवावे, तितकी रक्कम गोठविली जाण्याची शक्यता अधिक असते. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाला व पुढे देशभर पसरला. रस्त्यावरील मुलांना सार्वजनिक दूरध्वनीवरून विनामूल्य फिरविता यावा, असा तो मुळात योजला होता. आज तोच क्रमांक घरातील दूरध्वनीवरून, घरच्यांना सांगण्यापूर्वीही, मुलाला फिरविता येतो.