‘ती’ म्हणजे कोण? सर्वनामांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

सर्वनाम ओळखणे वेगळे आणि ते कोणासाठी आले हे कळणे वेगळे. प्राथमिक वर्गातली मुले अडतात ती दुसऱ्या ठिकाणी.

गैरसमज : सर्वनामे पाठ झाली की झाले.
वस्तुस्थिती : मराठीत मूळ सर्वनामे ९ मानतात : मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. ती घडाघडा म्हणणारे मूलही उताऱ्यातल्या ‘त्यांनी’पाशी अडखळते. सर्वनामाच्या जागी नाम घालून वाक्य पुन्हा वाचायला सांगा. अर्थ जुळला, तर जोडी बरोबर.

गैरसमज : सर्वांत जवळचे नाम हेच सर्वनामाचे नाम.
वस्तुस्थिती : नाशिकच्या मुलांना द्राक्षांचेच उदाहरण द्या. ‘आईने द्राक्षे टोपलीत भरली. ती गोड होती.’ टोपली जवळ आहे, पण गोड द्राक्षेच. ‘ती मोडकी होती’ म्हटले, की टोपली. इथे लिंग-वचन मदतीला येत नाही. स्त्रीलिंगी एकवचन आणि नपुंसकलिंगी अनेकवचन, दोन्हींना ‘ती’ आणि ‘होती’च लागते. जुन्या छपाईत द्राक्षांसाठी अनुस्वार देऊन ‘तीं’ लिहीत. १९६२च्या लेखननियमांनी तो गेला. वाक्यात ‘आहे’ किंवा ‘आहेत’ असेल तर क्रियापदावरून उलगडा होतो, एरवी अर्थच पाहावा लागतो.

गैरसमज : ‘ते’, ‘त्यांना’ म्हणजे अनेक जण.
वस्तुस्थिती : ‘कुसुमाग्रज नाशिकला राहत. त्यांना १९८७चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला.’ व्यक्ती एकच, अनेकवचन आदराचे. ‘रामकुंड पंचवटीत आहे. ते प्रसिद्ध आहे’ यातला ‘ते’ तर नपुंसकलिंगी एकवचनी.

गैरसमज : ‘त्याची सायकल’मध्ये ‘ची’ आहे, म्हणजे सायकल मुलीची.
वस्तुस्थिती : ‘त्या’ मालकाकडे बोट दाखवतो, ‘ची’ सायकलकडे. तसेच ‘तिचा डबा’ : डबा मुलीचा, ‘चा’ डब्यामुळे. फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी दोन बाण काढले, की मुलांना हे दिसते.

गैरसमज : नाव पुन्हा लिहिले की चूक.
वस्तुस्थिती : ‘राजूने महेशला आपली वही दिली’ यात वही राजूची. ‘त्याची वही दिली’ म्हटले, तर राजूची, महेशची की तिसऱ्याच कोणाची? सर्वनामामुळे नामाची पुनरुक्ती टळते हे खरे, पण वाचणारा गोंधळणार असेल तर मुलाने सरळ ‘महेशची वही’ लिहावे. निबंध तपासताना तिथे लाल शाई नको.