मध्यस्थ गेला, आता दाद कुणाकडे मागायची?

२०२४ साली रक्षाबंधन १९ ऑगस्टला होतं. त्याआधीच्या चार-पाच दिवसांत महाराष्ट्रातल्या लाखो महिलांच्या मोबाइलवर बँकेचा संदेश आला, तीन हजार रुपये जमा झाल्याचा. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे हे जुलै आणि ऑगस्टचे हप्ते होते. योजनेची घोषणा २८ जूनच्या अर्थसंकल्पातली. म्हणजे घोषणा, शासन निर्णय, अर्ज, छाननी आणि प्रत्यक्ष पैसे, सगळं सात आठवड्यांत उरकलं. एका साध्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला हा वेग थक्क करणाराच होता.

जूनमध्ये लागलेल्या लोकसभेच्या निकालात महायुतीला राज्यातल्या ४८ पैकी १७ जागा मिळाल्या होत्या. नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा भाजप आणि त्याच्या दोन मुख्य मित्रपक्षांनी जिंकल्या. निवडणुकीच्या निकालाला एकच कारण कधी नसतं. तरीही या उलथापालथीची चर्चा महिन्याच्या दीड हजार रुपयांचा उल्लेख टाळून कोणालाच करता आलेली नाही, विरोधकांना तर नाहीच. त्यांनी जाहीरनाम्यात तीन हजारांचं आश्वासन दिलं होतं.

महिलांना रोख मदत देण्याची कल्पना जुनी आहे. नवी आहे ती पैसे पोचवण्याची वाट. तिची सुरुवातही महाराष्ट्रातच झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. १ जानेवारी २०१३ पासून थेट लाभ हस्तांतरण, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी बसलेलं 'डीबीटी', सुरू झालं. २०१४ मध्ये जनधन खाती आली आणि तोवर मोबाइल घरोघरी पोचतच होता. काँग्रेसच्या काळात पाया घातलेली आणि भाजपच्या काळात मजल्यावर मजले चढलेली ही व्यवस्था आहे, त्यामुळे तिचं श्रेय आणि दोष दोन्ही वाटून घ्यावे लागतात.

ती चालते कशी, हे समजून घेण्यासारखं आहे. आधारवर आधारित हस्तांतरणात सरकार खाते क्रमांकावर पैसे पाठवत नाही, आधार क्रमांकावर पाठवतं. तो क्रमांक शेवटी ज्या बँक खात्याशी 'सीड' झाला, म्हणजे जोडला गेला असेल, तिथे पैसे जातात. अर्जात एका बँकेचं पासबुक जोडलेलं आणि पैसे दुसऱ्याच, कधीकाळी उघडून विसरलेल्या खात्यात गेलेले, असे प्रकार म्हणूनच घडतात. २०१७ मध्ये लाखो ग्राहकांचं गॅस अनुदान त्यांना माहीत नसलेल्या एअरटेल पेमेंट्स बँकेच्या खात्यांत वळल्याचं उघड झालं, तेव्हा आधार प्राधिकरणाने त्या कंपनीची ई-केवायसीची परवानगी काही काळ थांबवली होती.

आता राजकारणाकडे वळू. डीबीटीच्या आधीही सरकार गरिबांना पैसे देतच होतं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेची यादी ठरवणाऱ्या तालुका समितीवर वर्णी लागावी म्हणून कार्यकर्त्यांत चुरस असायची, ती उगाच नव्हे. विधवेचा अर्ज मंजूर करून देणारा, तिला तहसीलदारांपुढे उभं करणारा माणूस तिच्या मताचा हक्कदार समजला जायचा. त्यात दलाली होती, जातपात होती, अडवणूकही होती. सरकारच्या एका रुपयातले जेमतेम पंधरा पैसे लोकांपर्यंत पोचतात, असं राजीव गांधी १९८५ साली म्हणाले होते.

डीबीटीनं या मधल्या माणसाला बाजूला सारलं. पैसे थेट मुंबईहून किंवा दिल्लीहून येऊ लागले आणि उपकाराचा धनीही बदलला. पीएम किसानच्या दोन हजारांचं श्रेय ना सरपंचाला ना आमदाराला, ते थेट वरच्या नेत्याला. योजनांच्या नावांत 'पीएम', 'नमो', 'मुख्यमंत्री' हे शब्द का आले, याचं उत्तर इथे आहे. मध्य प्रदेशात जून २०२३ मध्ये 'लाडली बहना'चा पहिला हप्ता पडला, वर्ष संपायच्या आत भाजपनं २३० पैकी १६३ जागा जिंकल्या. बिहारमध्ये २६ सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ७५ लाख महिलांच्या खात्यांत प्रत्येकी दहा हजार रुपये गेले. हिशेब केला तर एका दिवसात ७,५०० कोटी. नोव्हेंबरमध्ये तिथे मतदान झालं आणि रालोआला २४३ पैकी २०२ जागा मिळाल्या. मनीऑर्डरच्या काळात अशी योजना निवडणुकीच्या तोंडावर आणून काही उपयोग नव्हता, कारण पोस्टमन पोचेपर्यंत निकाल लागला असता.

मात्र हा नळ सोडणारा हात तो बंदही करू शकतो, आणि बंद करतानाही त्याला कोणाच्या दारात जावं लागत नाही. लाडकी बहीणच्या लाभार्थींची इतर विभागांच्या माहितीशी पडताळणी केल्यावर जून २०२५ पासून २६.३४ लाख जणांचे पैसे थांबवल्याचं महिला व बालविकासमंत्री आदिती तटकरे यांनी सांगितलं. एकाच घरातल्या दोनपेक्षा जास्त महिला, दुसऱ्या योजनेचा लाभ घेणाऱ्या, आणि चक्क काही पुरुषही त्यात निघाले. अपात्र नावं कापायलाच हवीत, तिजोरी सगळ्यांची आहे. प्रश्न वेळेचा आहे. ही चाळणी निवडणुकीआधी का लावली नाही? संगणक तेव्हाही होता. मतदानाआधी सढळ आणि मतदानानंतर काटेकोर, असा हिशेब यंत्र स्वतःहून करत नाही.

मग सप्टेंबर २०२५ मध्ये सर्व लाभार्थींना ई-केवायसी सक्तीची झाली. संकेतस्थळावर महिलेनं आपला आधार क्रमांक टाकायचा, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी भरायचा. पुढच्या पायरीवर पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक, त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे का, हे तपासण्यासाठी ही अट, असा युक्तिवाद. पण जिचा नवरा वारला, वडीलही नाहीत, तिनं कोणाचा ओटीपी आणायचा? ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि अशा महिलांनी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, असं ठरलं. म्हणजे पोर्टल जिथे अडलं, तिथे अखेर अंगणवाडीतली बाई लागली. तरी नवऱ्यानं टाकलेली, कोर्टाची पायरी कधीच न चढलेली परित्यक्ता उरतेच. तिच्याकडे यातला एकही कागद नसतो. पोर्टल करणाऱ्याला ती आठवली नाही. जुन्या समितीवरच्या एखाद्या स्वार्थी कार्यकर्त्यालाही ती नावानिशी माहीत असायची.

तंत्रज्ञानानं चोरी थांबते का, याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. आंध्र प्रदेशात २०१० नंतर रोजगार हमी आणि पेन्शनसाठी बायोमेट्रिक स्मार्टकार्ड आलं. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात मजुरी लवकर मिळू लागल्याचं आणि गळती घटल्याचं दिसलं. त्याच अभ्यासकांना झारखंडच्या रेशनमध्ये नुसत्या आधार पडताळणीनं गळती कमी झाल्याचं आढळलं नाही. कारण साधं आहे. अंगठा लावल्यानं माणूस खरा ठरतो, दुकानदाराचा काटा नव्हे. काटामारी चालूच राहते. उलट विटा वाहून किंवा ऊस तोडून ज्यांच्या बोटांवरच्या रेघा झिजल्या, त्यांचा 'अंगठा लागत नाही' आणि खरा माणूसच खोटा ठरतो.

रोजगार हमीचं उदाहरण तर आपल्या घरचं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या योजनेला महाराष्ट्रानं १९७७ साली कायद्याचं रूप दिलं, देशव्यापी कायदा २००५ मध्ये झाला. बोगस हजेरीपट हा या योजनेचा जुना रोग. त्यावर उपाय म्हणून २०२१ मध्ये ॲप आलं आणि २०२३ पासून कामावरच्या मजुरांचा दिवसातून दोनदा फोटो सक्तीचा झाला. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाला परिपत्रक काढून राज्यांना बजावावं लागलं की कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जात आहेत, फोटोचाच फोटो काढून टाकला जात आहे. मस्टर खोटं लिहिणाऱ्यानं नवं हत्यार शिकून घेतलं. रानात रेंज नाही म्हणून खरी हजेरी बुडाली, असं सांगणाऱ्या मजुराला मात्र तसला मार्ग नव्हता.

हे फक्त गरीब देशांत घडतं असंही नाही. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदानातली लबाडी शोधण्यासाठी कर खात्यानं संगणकाच्या जोखीम-गणिताचा आधार घेतला. परदेशी नागरिकत्व हा त्यातला एक निकष होता. हजारो निर्दोष पालकांना लबाड ठरवून मोठाल्या रकमा परत मागण्यात आल्या, कुटुंबं कर्जात बुडाली. १५ जानेवारी २०२१ रोजी मार्क रुट्टे यांच्या मंत्रिमंडळानं त्यावरून राजीनामा दिला.

आपल्याकडे इतकी अपेक्षा कोणी करत नाही. पण महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात सेवेला मुदत आहे, अपील आहे, आणि कामात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. तोच न्याय लाभ बंद करण्यालाही लावावा. नाव कापण्याआधी मराठीत लेखी कारण कळवावं, त्यावर अधिकाऱ्याचं नाव आणि कार्यालय असावं. खुलासा द्यायला मुदत मिळावी आणि चूक निघाली तर थकलेल्या हप्त्यांसह नाव परत घालण्याचा अधिकार तालुक्याच्या पातळीवर कोणाला तरी असावा. यासाठी नवं ॲप लागत नाही. येत्या निवडणुकीत नवा आकडा घेऊन जो कोणी दारात येईल, त्याला हप्ता किती हे विचाराच, पण चुकून नाव उडालं तर कोणाला जाब विचारायचा, हेही त्याच्याकडून लिहून घ्या.