पाचशे नाइटांचा हिशेब

1219 च्या वसंतात थेम्स नदीकाठच्या कॅव्हर्शममध्ये सत्तरी ओलांडलेला एक माणूस अंथरुणाला खिळला होता. पेम्ब्रोकचा अर्ल, विल्यम मार्शल. लोकांकडून घेतलेले परत केल्याशिवाय मुक्ती नाही, असे धर्मगुरूंचे म्हणणे त्याच्या कानावर आले. त्याचे उत्तर त्याच्या चरित्रकाव्यात नोंदलेले आहे. त्याचा आशय असा की, मी टूर्नामेंटमध्ये 500 नाइट पकडले, त्यांची शस्त्रे आणि घोडे घेतले. आता ते परत करणे मला शक्य नाही.

500 हा आकडा समजून घ्यायचा तर आधी टूर्नामेंट समजून घ्यायला हवी. मैदानात कुंपणाच्या दोन बाजूंनी दोन घोडेस्वार धावून येतात, हे चित्रपटांतले दृश्य नंतरच्या काळातले. विल्यमच्या तरुणपणी उत्तर फ्रान्समध्ये टूर्नामेंट म्हणजे दोन अख्ख्या फौजांची झुंज असे. मैलोन्‌मैल शेते, द्राक्षमळे आणि गावे हेच तिचे मैदान. समोरच्याला मारायचे नाही, त्याच्या घोड्याचा लगाम धरून त्याला ओढत आपल्या गोटात आणायचे. पकडला गेलेला नाइट घोडा आणि चिलखत गमावी किंवा त्यांची किंमत मोजून सुटे. जिंकलेल्याला वर्षभराची कमाई एका दिवसात होई आणि हरलेला पायी घरी जाई.

विल्यमने याचाच धंदा केला. बापाचा तो चौथा मुलगा, जमिनीचा तुकडाही वाट्याला येणार नव्हता. 1160 च्या दशकात तो नाइट झाला. पहिल्याच लढाईत त्याचा घोडा मेला, आणि भार वाहणारे तट्टू घ्यायला त्याने नाइट होताना मिळालेला झगा 22 शिलिंगांना विकला. तिथून सुरू झालेल्या माणसाने पुढे रॉजर द जुई या साथीदाराबरोबर भागीदारी केली: मिळेल ते निम्मे निम्मे. राजवाड्याच्या मुदपाकखान्याचा कारकून विगेन याने त्यांची नोंद ठेवली. पेंटेकॉस्ट या एका ख्रिस्ती सणापासून पुढच्या लेंटच्या उपवासापर्यंत, म्हणजे साधारण नऊ महिन्यांत, दोघांनी 103 नाइट पकडले. सरासरी तीन दिवसांना एक! पण टूर्नामेंट काही रोज नसत. पंधरवड्याला एक धरली तर नऊ महिन्यांत वीसेक, आणि दर खेपेला पाच पूर्ण चिलखती योद्धे, लाथा झाडणाऱ्या घोड्यांसकट खेचून आणलेले. ही नोंद स्वयंपाकघराचा हिशेब लिहिणाऱ्या हातची आहे, म्हणून मला ती भाटांच्या शंभर कवनांपेक्षा मोलाची वाटते.

या झुंजी किती मोठ्या असत? फ्रान्सचा राजा फिलिप दुसरा याच्या राज्याभिषेकानंतर, 1179 मध्ये, पॅरिसच्या पूर्वेला मार्न नदीवरच्या लान्यी इथे झालेल्या टूर्नामेंटला चरित्रकाव्य 3,000 नाइट सांगते. कवीने हात सैल सोडला असे मानू आणि अर्धेच धरू. नाइटामागे दोन घोडे धरले, तरी 3,000 घोडे. घोड्याला दिवसाला 30 लिटर पाणी म्हटले तर 90 हजार लिटर. आपल्याकडे उन्हाळ्यात गावाला येतो तसे दहा हजार लिटरचे नऊ टँकर, फक्त घोड्यांना, आणि तेही एका दिवसाला. नदीकाठची जागा का निवडत, ते इथे कळते. या सगळ्या गर्दीत माणसांची गणती अजून केलेलीच नाही.

हा माणूस जगलाच कसा, हेही एक आश्चर्यच. 1152 मध्ये, पाचेक वर्षांचा असताना, बापाने त्याला इंग्लंडचा राजा स्टीफन याच्याकडे ओलीस ठेवले आणि मग करार मोडला. पोराला फाशी देऊ, अशी धमकी आली. बापाने निरोप पाठवला की, माझ्याकडे ऐरण आहे, घण आहे, याहून चांगले मुलगे मी घडवीन. बापाच्या वहीत त्याची किंमत शून्य होती. राजाला मात्र ते निरागस पोर मारवले नाही. चरित्रकाव्यात तो त्याच्याशी गवताच्या काड्यांचे नाइट करून खेळताना दिसतो. ते वाचताना माझा जीव दरवेळी हळवा होतो.

त्या पोराने पुढे पाच राजांची चाकरी केली: तरुण हेन्री, त्याचा बाप हेन्री दुसरा, रिचर्ड, जॉन आणि हेन्री तिसरा. 1189 मध्ये बापाविरुद्ध बंड करून आलेल्या रिचर्डचा घोडा त्याने भाल्याने मारला आणि रिचर्डला जिवंत सोडले. रिचर्डनेच राजा झाल्यावर त्याला इझाबेल द क्लेअर दिली. ती ऐन तारुण्यात, तो त्रेचाळीसच्या आसपास. तिच्यासोबत वेल्स आणि आयर्लंडमधली अफाट जहागीर आली. त्यांना दहा मुले झाली, पाच मुलगे आणि पाच मुली.

1216 मध्ये जॉन मेला तेव्हा वारस नऊ वर्षांचा होता आणि अर्धे इंग्लंड फ्रेंच राजपुत्र लुईच्या हाती होते. विल्यम राज्याचा पालक झाला. 20 मे 1217 रोजी, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्याने लिंकनवर चाल केली. किल्ला निकोला द ला हे ही साठीपुढची बाई लढवत होती. काव्यानुसार विल्यमकडे 406 नाइट आणि 317 धनुर्धारी होते, समोर 611 नाइट आणि हजारभर पायदळ. निघायच्या घाईत तो शिरस्त्राण घालायलाच विसरला. ते आणून घातले आणि पुढे पेर्शच्या काउंटने त्याच्यावर दोन्ही हातांनी तीन घाव घातले. तिन्हींच्या खुणा त्या लोखंडावर उमटल्या. लढाईत नाइट मेले ते बोटांवर मोजण्याइतके, काउंट त्यांतलाच. नंतर मात्र शहर लुटले गेले. मुलांना घेऊन नावांतून पळणाऱ्या बायका नदीत बुडाल्या, त्यांची संख्या कुणीच लिहून ठेवली नाही. नाइटांची गणती होते आणि त्यांची होत नाही, हे मला सलते.

लुईने इंग्लंड सोडावे म्हणून 10,000 मार्क द्यायचे ठरले. एक मार्क म्हणजे 160 पेनी, म्हणजे 16 लाख चांदीची नाणी. प्रत्येक नाणे साधारण दीड ग्रॅमचे, म्हणजे दोन टनांहून जास्त चांदी. पायदळाच्या शिपायाला रोजची मजुरी दोन पेनी धरली, तर एका माणसाच्या 8 लाख दिवसांची कमाई, जवळजवळ 2,200 वर्षांची.

विल्यमचे पाचही मुलगे एकामागून एक अर्ल झाले आणि 1245 पर्यंत, अवघ्या 26 वर्षांत, पाचही औरस वारसाशिवाय गेले. त्यांतला गिल्बर्ट 1241 मध्ये टूर्नामेंटमध्येच घोड्यामागे फरफटत मेला. ज्या खेळाने घर उभे केले, त्यानेच एक मुलगा नेला. मुलींचा वंश मात्र फोफावला. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस हा विल्यमचा खापरपणतू.

हे सारे आपल्याला कळते ते 19,214 ओळींच्या एका काव्यामुळे. थोरल्या मुलाने ते लिहवून घेतले आणि शतकानुशतके ते कुणी वाचले नाही. 1861 मध्ये लंडनच्या लिलावात पॉल मेयर या तरुण फ्रेंच अभ्यासकाने हस्तलिखित ओझरते पाहिले, पण ते दुसऱ्याच्या हाती गेले. मेयरने वीस वर्षे त्याचा माग काढला. 1881 मध्ये सर थॉमस फिलिप्सच्या हजारो हस्तलिखितांच्या राशीत ते सापडले. मेयरची ती वीस वर्षेही मी विल्यमच्या पराक्रमांत धरतो.

कॅव्हर्शमकडे परत येऊ. पाचशे नाइटांमागे एकेक घोडा धरला, तरी रांग सव्वा किलोमीटरची होईल. बारा-बारा किलोची चिलखते धरली, तर सहा टन लोखंड. परत देणार कुठून, आणि कुणाला? त्यातले कितीतरी मरून गेलेले. अशात एका कारकुनाने सुचवले की, कोठारात 80 उंची झगे पडून आहेत, ते विकून आत्म्यासाठी दान करावे. विल्यम भडकला. पेंटेकॉस्ट तोंडावर आला होता. आपल्या नाइटांना त्या सणाला झगे मिळायलाच हवेत, ही त्याची शेवटचीच वेळ. ते वाटून टाका, कमी पडले तर लंडनहून आणखी मागवा, असे त्याने सांगितले.

14 मे रोजी तो गेला. सण बारा दिवसांवर होता.