पुसायची गरजच उरली नाही तर

'अहवाल-अंतिम', 'अहवाल-अंतिम-नवा', 'अहवाल-अंतिम-खरा'. ऑफिसातल्या बहुतेक कॉम्प्युटरांवर ही भावंडं नांदत असतात. जुना मजकूर हातचा जाईल या धास्तीने आपणच हा पसारा घालतो. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन, रॉब पाइक आणि सहकाऱ्यांनी 'प्लॅन ९' ही ऑपरेटिंग सिस्टीम घडवली, तेव्हा या धास्तीचं मूळच उपटलं गेलं.

सगळ्यांच्या फायली एका सर्व्हरवर असत. रोज पहाटे पाच वाजता सर्व्हर त्या घडीची स्थिती गोठवायचा. आदल्या पहाटेपासून बदललेले ब्लॉक, म्हणजे फायलींचे तुकडे, तेवढे ऑप्टिकल डिस्कवर उतरत. बाकीचे आधीच तिथे असल्याने त्यांच्याकडे फक्त बोट दाखवलं की झालं. त्यामुळे जागा थोडीच लागे, पण दिसताना त्या दिवसाचं अख्खं चित्र दिसे. या डिस्कवर एकदा लिहिलं की पुसता येत नसे. १९९५च्या फोल्डरात ०३१५ उघडलं की १५ मार्चच्या फायली जशाच्या तशा समोर. टेपवरून बॅकअप काढून द्या म्हणून कुणाची मनधरणी नको.

मग सवयी बदलल्या. 'फायली साफ करा' असा निरोप कुणाला येईना. डिस्कवर किती जागा उरली हे सांगणारी 'डीएफ' कमांडच तिथे ठेवली नव्हती! प्रोग्रॅमर मोठे बदल बेधडक करू लागले. मला सर्वांत भावते ती आणखी एक सोय: चालता प्रोग्रॅम अचानक बिघडला, तर तो वापरत असलेल्या तयार कोडच्या आजच्या लायब्ररीच्या जागी दोन आठवड्यांपूर्वीची जोडून तो चालवून बघायचा. नीट चालला, तर चूक या दोन आठवड्यांतच शिरलेली.

पुढे २००२मध्ये शॉन क्विनलन आणि शॉन डॉरवर्ड यांनी 'व्हेंटी' ही साठवणीची यंत्रणा मांडली. तिच्यात ब्लॉकचा पत्ता त्यातल्या मजकुरावरूनच काढतात. तोच मजकूर दहांनी ठेवला तरी साठतो एकदाच. साध्या हार्ड डिस्कवरही न पुसण्याचा नियम आता सॉफ्टवेअर पाळू लागलं.

काहीच न पुसण्याची दुसरी बाजूही आहे. फाइल कुणी वाचायची याची परवानगीसुद्धा त्या दिवशी होती तशीच गोठते. सर्वांना खुली राहिलेली खासगी फाइल आज बंद केली, तरी त्या तारखेच्या फोल्डरात ती उघडीच. म्हणजे काळजी घ्यायची ती पुसताना नव्हे, ठेवताना.

गूगल डॉक्सच्या व्हर्जन हिस्टरीतही पुसलेला मजकूर मागे राहतो आणि एडिट करण्याची परवानगी असलेल्याला तो दिसतो. तेव्हा पगाराचे आकडे खोडून डॉक्युमेंट दुसऱ्याला एडिट करायला देणार असाल, तर आधी त्याची नवी कॉपी काढा आणि ती द्या.