दमा आणि टपरीवरची विडी

दमा असलेला मुलगा विडी-सिगारेटला हात लावणार नाही, असे बहुतेक पालक गृहीत धरतात. दवाखान्यातला अनुभव वेगळा आहे. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा वरचेवर धाप लागते म्हणून येतो. आई सांगते, "डॉक्टर, औषध वेळेवर देते, दही-केळंही बंद केलंय, तरी गुण येत नाही." आईला बाहेर बसवून विचारले, की मुलगा मान खाली घालून सांगतो, "क्लासहून येताना टपरीवर एखादी होते."

दम्यात श्वासनलिका मुळातच हळव्या असतात. थंड हवा, धूळ, फडात पेटवलेल्या पाचटाचा धूर यांनी त्यांचे अस्तर सुजते, भोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साठतो आणि छातीत घरघर सुरू होते. तंबाखूचा धूर थेट आत ओढल्यावर काय होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. श्वासनलिकांच्या अस्तरावरील केसासारखे सूक्ष्म तंतू कफ वर ढकलतात. धुरामुळे ते निकामी होतात. "विडीने कफ सुटतो" हा समज म्हणूनच चुकीचा आहे. विडीला फिल्टर नसतो आणि ती विझू नये म्हणून झुरके वारंवार, जोराने घ्यावे लागतात. तिला सौम्य समजू नये.

आणखी एक गोष्ट पालकांना सहसा माहीत नसते. दमा आटोक्यात ठेवण्यासाठी आपण जो स्टेरॉइडचा पंप देतो, त्याचा गुण धूम्रपान करणाऱ्याला कमी येतो. मग औषधालाच बोल लावला जातो, पंप बंद होतो आणि दमा बळावतो. खरे तर पंपाची सवय लागत नाही. सवय लागते ती निकोटिनची.

ज्यांना दमा नाही त्यांनीही निश्चिंत राहू नये. फुप्फुसांची वाढ विशीपर्यंत चालू असते. अमेरिकेतील सहा शहरांत १० ते १८ वर्षांच्या दहा हजारांवर मुलामुलींची तपासणी झाली. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसांची वाढ मंदावली होती, मुलींची अधिकच. या वयात राहिलेली वाढ पुढे पूर्ण भरून निघेलच असे नाही. सातारा-सांगलीकडची कितीतरी मुले पोलीस आणि लष्कराच्या भरतीसाठी पहाटे उठून पळतात. त्यांना १६०० मीटरची धाव काढायची असते. तिथे मोकळ्या छातीची किंमत कळते.

पालकांनी काय करावे? मुलाला मारझोड करू नये. त्याने चोरी वाढते, सवय सुटत नाही. घरातील वडीलधाऱ्यांनी स्वतः घरात ओढू नये, कारण तो धूर मुलाच्याही छातीत जातो. मुलाला विडीबंडल आणायला धाडणे तर कायमचे थांबवावे. २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांना तंबाखूचे पदार्थ विकणे आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत त्यांची विक्री करणे गुन्हा आहे. टपरीवाल्याला गावाने हे समजावून सांगावे. ई-सिगारेट निरुपद्रवी असल्याचे मुले सांगतात. तिच्यावर २०१९ पासून देशात बंदी आहे.

सोडणाऱ्याला पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही. त्या दिवसांत घराने सांभाळून घ्यावे. सल्ल्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी निःशुल्क क्रमांक आहे. सोडल्यावर काही आठवड्यांत खोकला आणि धाप कमी होऊ लागते. पंप मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

पंप घेऊनही धाप थांबत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आणि डॉक्टरांना विडीची गोष्ट न लपवता सांगावी. उपचार त्यावरच ठरतात.